डाव्या कोपऱ्यावरच्या कौसल्याताई

कौसल्याताई भालचिम यांची आणि माझी पहिली ओळख जुन्नरच्या मैदानावर झाली. जिल्ह्याच्या महिला कबड्डी संघासाठी निवड चाचणी चालू होती. मी आण्याहून आलेली, अठरा वर्षांची, चढाई करणारी मुलगी. त्या घाटघरच्या, माझ्याहून चार वर्षांनी मोठ्या, पुण्यातल्या एका सरकारी खात्याच्या संघात खेळाडू म्हणून नुकत्याच नोकरीला लागलेल्या. ओळख करून द्यायला मध्ये कुणी नव्हते. मी चढाईला गेले, त्यांनी माझा उजवा घोटा धरला आणि माझा गुडघा मोडला.

त्यांच्या साठीनिमित्त हा ग्रंथ काढायचे ठरले, तेव्हा समितीतल्या एका तरुण सदस्याने मला फोन केला. बराच वेळ पाऊसपाण्याचे बोलून झाल्यावर तो म्हणाला, "आहेर मॅडम, तुमच्याकडून लेख मागावा की नको, यावर आमच्यात जरा चर्चा झाली." मला हसू आले. मी म्हटले, "त्यांच्या पकडीबद्दल माझ्याइतके खात्रीने कोण लिहिणार? माझा लेख घ्याच."

कबड्डी पाहणाऱ्याच्या लक्षात राहतो तो चढाई करणारा. तो एकटा समोरच्या अंगणात शिरतो, दम घुमवतो, गडी टिपून परततो आणि टाळ्या घेतो. पकड करणाऱ्याला वाट पाहावी लागते. त्यातही कोपऱ्यावरच्या खेळाडूचे काम फार अवघड. पुढे झेपावायची घाई केली तर स्वतः बाद, उशीर केला तर समोरचा निसटला. कौसल्याताईंनी खेळाडू म्हणून उभे आयुष्य डाव्या कोपऱ्यावर काढले. पुढे मी पंच झाले, पुष्कळ सामने पाहिले. पण त्यांच्यासारखे शांतपणे उभे राहणारे कुणी पाहिले नाही. गुडघ्यांत वाकलेल्या, हात जमिनीजवळ, नजर समोरच्याच्या पावलांवर. चेहऱ्याकडे त्या बघतच नसत. "तोंड खोटं बोलतं," म्हणायच्या, "पाय न्हाई बोलत."

हे त्या शिकल्या कुठे, असे एकदा एका वार्ताहराने विचारले. त्याला वाटले असावे, एखाद्या मोठ्या गुरूंचे नाव येईल. ताई म्हणाल्या, "आमची शेरडं लई द्वाड व्हती. डोंगरात पळाली की हाताला लागायची न्हाईत. मागचा पाय घावला तर घावला." वार्ताहराने ते छापले नाही. पण ते अगदी खरे होते. घाटघरच्या उतारावर भात, नाचणी आणि वरई पिकवणारे त्यांचे घर. शिक्षणासाठी त्या जुन्नरला वसतिगृहात आल्या, तिथे खेळाच्या शिक्षकांच्या नजरेत भरल्या आणि विशीतच पुण्याच्या संघात गेल्या. त्यांचे वडील मारुतीबाबा खात्री करून घ्यायला म्हणे थेट कचेरीत गेले होते. "पोरीला खेळायचा पगार देता?" असे त्यांनी दारावरच्या शिपायालाच विचारले. शिपाई म्हणाला, "व्हय बाबा." 

आता त्या चाचणीबद्दल. लाथेने गडी टिपण्यात आमच्या भागात माझा हात धरणारी कुणी नव्हती, हे इतक्या वर्षांनी सांगायला हरकत नसावी. मी तिघींना चकवून डाव्या कोपऱ्याकडे पाय टाकला. ताई त्याचीच वाट पाहत होत्या. घोटा त्यांच्या हातात गेला तशी मी मध्यरेषेकडे झेप घ्यायला गर्रकन वळले. वरचे अंग वळले, पाऊल जागच्या जागी राहिले आणि मधल्या मध्ये गुडघा गेला. मी किंचाळले. शिट्टी वाजली. पकड नियमाला धरून होती. पंचाच्या नजरेने मी ती पुढे मनात कितीदा तरी तपासली आहे. तिच्यात खोट नव्हती.

माझ्या संघातल्या मुली रडत उभ्या राहिल्या. मला उचलले ते ताईंनी. कुणाची तरी जीप मिळाली. दवाखान्यात पोचेपर्यंत माझे डोके त्यांच्या मांडीवर होते आणि त्यांचे दोन्ही हात माझ्या कपाळावर होते. पुढे पुण्याच्या डॉक्टरांनी पाय प्लास्टरमध्ये घातला आणि सांगितले, "चालाल व्यवस्थित. खेळायचे मात्र विसरा." त्याच चाचणीतून कौसल्याताईंची निवड झाली होती.

काही दिवसांनी त्या आण्याला आमच्या घरी आल्या. आई अंगणात हुलगे पाखडत होती.

"कोण गं बाई तू?"

"मी कौसल्या. घाटघरची. कबड्डीत..."

आईने सूप खाली ठेवले. "तूच का ती? पोरीचा पाय मोडलास आन् आता बघाया आलीस?"

"व्हय," ताई म्हणाल्या.

"मग बघ. त्या तिथं पडलीय. बघ आन् चालाया लाग."

त्या माझ्या खाटेजवळ येऊन बसल्या. मला वाटले, माफी मागतील. त्यांनी फक्त विचारले, "कुठं दुखतं?" मी दाखवले. त्यांनी प्लास्टरवरून हात फिरवला. मग म्हणाल्या, "तुझा आवाज ऐकला मी. ऐकला आन् तरी धरून ठेवला."

मी म्हटले, "धरायचाच असतो."

त्या उठल्या. आईने त्यांना चहा विचारला नाही. आमच्याकडे आल्या माणसाला चहाशिवाय कुणी लावून देत नाही, त्यामुळे आईच्या मनात काय होते ते शेजारपाजारच्या सगळ्यांना कळले. ताई फाट्यापर्यंत पायी गेल्या.

त्यानंतर वर्ष उलटून गेले. मी चालू लागले होते, पाय जरा ओढत. पौषात आमच्या गावच्या यात्रेला विमलताई आल्या. त्यांचे माहेर आमच्याच पठारावरचे. त्या कौसल्याताईंच्याच खात्याच्या संघात होत्या आणि मैदानात त्यांच्या शेजारी साखळीत उभ्या राहायच्या. दोघी बचावपटू हात हातात धरून चढाई करणारीला कोंडतात, त्याला साखळी म्हणतात. त्यामुळे ताईंचे काय चालले आहे, ते विमलताईंइतके कुणालाच ठाऊक नव्हते. आमटी-भाकरीच्या पंगतीतून उठल्यावर त्यांनी मला बाजूला घेतले.

"कौसी संपली गं," त्या म्हणाल्या.

"म्हंजे?"

"घोटा हातात येतो आन् सोडून देते. पहिल्या वर्षी म्हटलं, व्हईल बरी. आता तर समोरची नुसती वरडली तरी हात उघडतो तिचा. माझ्या हातातला तिचा हात थंडगार असतो बघ. सायबांनी बाहेर बसवलंय. पुढच्या हंगामाला संघात घेणार न्हाईत म्हणत्यात."

हे ऐकून मला काय वाटले, ते विमलताईंना सांगितले तेव्हा त्या चमकल्या होत्या. मला दया आली नाही. मला भयंकर राग आला. माझा खेळ गेला होता. तो गेला त्या दिवशी जिल्ह्याला एक चांगली कोपऱ्याची खेळाडू मिळाली, एवढे तरी मी मनाशी धरून होते. आता ती खेळाडूही जाणार असेल, तर माझा पाय फुकटच गेला की!

फाल्गुनात ताई रजेवर घरी आल्याचे कळले. मी आईला "जुन्नरला जाऊन येते" एवढेच सांगितले आणि तिथून घाटघरची गाडी धरली. आण्याच्या उघड्या माळावर वाढलेल्या मला तो रस्ता नवाच होता. गाडीतून उतरले तर समोरच्या खाचरात राब भाजायचे काम चालू होते. पालापाचोळा आणि शेणकूट पसरून भाताच्या रोपांसाठी जमीन भाजतात, त्या धुरात ताई डोक्याला फडके बांधून उभ्या होत्या. मला पाहिले आणि हातातली काठी तशीच राहिली.

मारुतीबाबा पुढे आले. "या, पावणं. कुठनं आलात?"

"आण्याहून. मी सुनंदा. ताईंनी जिचा पाय धरला व्हता, ती."

मारुतीबाबांनी लेकीकडे पाहिले, माझ्या पायाकडे पाहिले आणि आत वळून हाक मारली, "अगं, च्या टाक."

चहा झाल्यावर मी ताईंना म्हटले, "चला. धुरापलीकडचे ते खाचर रिकामे आहे. मी चढाई करते, तुम्ही धरा."

"काय बोलतीस तू?"

"बरोबर बोलते. धरा."

"न्हाई. आन् पाय ठीक नसताना..."

"माझा पाय आहे. मला ठाऊक आहे किती ठीक आहे ते."

त्या नाही नाही म्हणत होत्या. शेवटी त्यांची आईच म्हणाली, "पोर एवढ्या लांबनं आलीय. जा की गं." बहुधा त्यांना वाटले असावे, आम्ही काहीतरी साधासुधा खेळ खेळणार आहोत. मी पदर खोचला. काठीने ढेकळांत मध्यरेषा ओढली आणि दम घेऊन आत शिरले. पळणे मला जमत नव्हते. मी चालतच गेले आणि उजवा पाय कोपऱ्याकडे टाकला.

त्यांनी हात लावला. लावला आणि काढला.

मी परत गेले, परत आले. पुन्हा तेच. त्यांचे ओठ पांढरे पडले होते. तिसऱ्यांदा हात निघाला तशी मी दम सोडला आणि चक्क ओरडले, "ताई, तुम्ही माझी माफी मागितली नाहीत, ते बरे केलेत. मला माफी नको आहे. पण माझा पाय असा फुकट घालवू नका!"

शेजारच्या खाचरातले लोक काम थांबवून बघू लागले. ताई मटकन खाली बसल्या आणि फडक्यात तोंड घालून रडल्या. मला काय करावे ते कळेना, म्हणून मीही शेजारी बसले. बऱ्याच वेळाने त्यांनी डोळे पुसले. माझा पाय मांडीवर घेतला, घोटा धरला आणि म्हणाल्या, "आता वळ. हळू. जशी त्या दिवशी वळली तशी."

मी वळले. त्यांनी घोटा सोडला नाही, पण माझ्याबरोबर स्वतः वळल्या. पुन्हा वळले, पुन्हा त्या माझ्या पायाबरोबर आल्या. गुडघ्यावर ताण आला नाही. मग उभ्याने करून पाहिले. मी पाय टाकला, त्यांनी धरला, मी वळले आणि त्याही अंग टाकून माझ्याबरोबर वळल्या. दोघी ढेकळांत पडलो. त्यांची पकड घट्ट होती.

"सोडा आता ताई, माझा दम केव्हाच गेला," मी म्हटले.

"न्हाई सोडत," त्या म्हणाल्या आणि कित्येक महिन्यांनी, असे त्यांच्या आईने मला नंतर सांगितले, त्या मोठ्याने हसल्या.

ती रात्र मी घाटघरलाच राहिले. दुसऱ्या दिवशी निघताना त्यांच्या आईने फडक्यात तांदूळ बांधून दिले. घरी आल्यावर आईने तांदूळ पाहिले, कुठले ते ओळखले. पण शिजवले.

यानंतरची ताईंची कारकीर्द पुष्कळांना माहीत आहे. तरी त्यातला एक भाग सांगायला हवा. ती वळती पकड लगेच जमली नाही. संघाचे प्रशिक्षक म्हणायचे, "कौसल्या, तू वळतेस तेवढ्यात समोरची हातभर पुढे सरकते." त्यांचे म्हणणे बरोबरच होते. पहिल्या हंगामभर कितीतरी जणी त्यांच्या हातून निसटल्या. ताई सराव संपल्यावर विमलताईंना थांबवून घ्यायच्या आणि वळून वळून दोघींच्या कोपरांची सालटी निघायची. प्रशिक्षकांनीही त्यांना वेळ दिला, हा त्यांचा मोठेपणा. हळूहळू ताईंना उमगले की घोटा थोडा आधी आणि थोडा खाली धरला तर समोरचीला पुढे सरकायला जोरच मिळत नाही. त्या पकडीवर त्यांनी खात्याच्या संघाला आणि महाराष्ट्राला अनेक सामने जिंकून दिले. संघाच्या कर्णधार झाल्या. भारतीय संघाच्या शिबिरांनाही गेल्या. अंतिम संघात मात्र कधी आल्या नाहीत, आणि बायकांना परदेशी जाऊन खेळायला तेव्हा सामने तरी कुठे होते! त्याबद्दल त्यांना कडवटपणाने बोलताना मी ऐकलेले नाही. "शिबिरात जेवण चांगलं व्हतं," एवढीच त्यांची आठवण.

आणि त्यांच्या हातात पाय सापडून कुणाला मोठी दुखापत झाली, असे त्यानंतर एकदाही घडले नाही. खेळाडूच्या कारकिर्दीची मोजदाद करताना ही गोष्ट कुणी धरत नाही. मी धरते.

मला पंचांच्या परीक्षेला बसवले ते त्यांनीच. "खेळाया येत न्हाई तर खेळ सोडायचा का? शिट्टी फुंकाया गुडघा लागत न्हाई," असे म्हणून त्या मला घेऊन गेल्या. क्रीडाशिक्षिकेची पदविकाही त्यांच्याच आग्रहाने झाली आणि घोडेगावच्या शाळेत मला नोकरी लागली. पंच म्हणून उभी राहिले, तेव्हा माझ्यावर पहिला मोठा प्रसंग आणला तोही त्यांनीच. राज्य स्पर्धेचा उपांत्य सामना. शेवटची मिनिटे, एका गुणाचा फरक, ताईंचा संघ पुढे. समोरची चढाईला आली, ताईंच्या बाजूने वळून परत गेली. मला स्पर्श दिसला नाही. मी चढाई निष्फळ दिली. ताईंनी हात वर केला.

"मॅडम, माझ्या वेणीला लागला तिचा हात."

विमलताईंनी कपाळावर हात मारला. "अगं बाई, तुला कुणी विचारलं व्हतं का?"

ताई अंगण सोडून बाहेर जाऊन बसल्या सुद्धा. बरोबरी झाली आणि पुढच्या चढाईत सामना गेला. परतीच्या गाडीत विमलताई त्यांच्या शेजारी बसल्या नाहीत. मधल्या एका थांब्यावर ताईंनी वडापाव घेतले आणि विमलताईंचा नेऊन दिला. "राग माझ्यावर हाये ना? वड्यावर तर न्हाई?" यावर विमलताई हसल्या आणि प्रकरण मिटले. विमलताई आजही हा प्रसंग सांगतात तेव्हा शेवटी म्हणतात, "आन् वेणी बी कसली, बोटभर शेपटी!"

आता आईची गोष्ट. म्हातारपणी आई आण्यालाच राहिली. एका मोठ्या दुखण्यात तिला नारायणगावच्या दवाखान्यात ठेवावे लागले. माझ्या शाळेत परीक्षा चालू होत्या, भाऊ परगावी होता. ताईंना कुणीतरी कळवले. मी संध्याकाळी धावतपळत पोचले, तर त्या आईच्या उशाशी बसून तिचे केस विंचरत होत्या. रजा टाकून आल्या होत्या. आई बरी होऊन घरी जाईपर्यंत त्या हलल्या नाहीत. त्या दोघींत काय बोलणे झाले, मला माहीत नाही. पण घरी नेल्यावर आईने अंथरुणातूनच मला फर्मावले, "च्या टाक. कौसाला दुधाचा कर, आन् साखर जास्त घाल." ताईंनी तो चहा दोन्ही हातांनी घेतला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आले, ते त्यांनी धुरावर ढकलले. आमच्याकडे तोवर गॅस आला होता, हे त्यांच्या ध्यानात राहिले नाही. त्यानंतर आई होती तोवर, फोनवर माझी चौकशी करून झाली की तिचा पुढचा प्रश्न ठरलेला असे, "कौसा कशी हाये?"

ताईंनी लग्न केले नाही. कुणी कारण विचारले तर "येळ गावला न्हाई" म्हणून मोकळ्या होतात. निवृत्तीनंतर पुण्यात राहण्यासारखे सगळे होते. पण त्या डिंभ्याला आल्या, धरणाखाली दोन खोल्या भाड्याने घेतल्या आणि शेजारच्या पटांगणात मुलींना कबड्डी शिकवू लागल्या. आसपासच्या डोंगरातल्या मुली येतात, मासेमारी करणाऱ्यांच्या येतात, बागायतदारांच्याही येतात. संध्याकाळची गाडी कधी येते, कधी येत नाही. आली नाही की ताई मुलींच्या घरोघर निरोप धाडतात आणि चुलीवर मोठा तवा चढवतात. शाळा सुटल्यावर मीही घोडेगावहून जाते. नियम शिकवणे माझ्याकडे, पकड त्यांच्याकडे. पहिल्या दिवशी त्या प्रत्येक मुलीला जमिनीवर बसवतात, तिच्या हातात दुसरीचा घोटा देतात आणि सांगतात, "घोटा तुझा हाये. गुडघा तिचा हाये. तिचा तिला परत द्यायचा."

गेल्या हिवाळ्यातली एक गोष्ट सांगितल्यावाचून हा लेख पुरा होणार नाही. सरावात आमच्या एका मुलीचा खांदा निखळला. तिला जिने कमरेत धरून पाडले, ती मीरा, धरणाच्या पलीकडच्या वाडीवरची. खांदा बसवला, हात गळ्यात बांधला, डॉक्टर म्हणाले काळजीचे काही नाही. आम्ही सगळ्या त्या मुलीच्या घरी जायला निघालो. ताई म्हणाल्या, "तुमी व्हा फुडं. मी मीराकडं जाते."

कुणीतरी म्हणाले, "ताई, लागलं तिला, आणि तुम्ही मीराकडे?"

"जिला लागलं तिच्याकडं समदी जात्यात," ताई म्हणाल्या. "जिनं धरलं तिच्याकडं कोण जातं?"

मी त्यांच्याबरोबर गेले. मीरा घराच्या मागे लाकडांच्या ढिगाशी बसली होती. वडील दारातच म्हणाले, "आता नाय पाठवणार. उद्या कुणाचं हातपाय मोडलं तर गावात तोंड दाखवाया जागा ऱ्हायची न्हाई." ताईंनी त्यांच्याशी वाद घातला नाही. त्या मागे जाऊन मीराशेजारी बसल्या. काय बोलल्या ते मला ऐकू आले नाही. मी वडिलांपाशी उभी होते. त्यांनी विचारले, "बाई, तुमी कोण त्यांच्या?"

साडी जराशी वर करून मी त्यांना माझा गुडघा दाखवला आणि तो कुणामुळे असा झाला ते सांगितले. ते माझ्याकडे बघत राहिले, मग लाकडांशी बसलेल्या ताईंकडे. "आन् तुमी अजून त्यांच्यासंगं?" म्हणाले.

"चाळीस वर्षं होत आली," मी म्हटले.

मीरा पुढच्या आठवड्यात आली. तिच्यामागे वडीलही आले आणि पटांगणाच्या कडेला उकिडवे बसले. खांदा बांधलेली मुलगी आधीच येऊन बसली होती. तिने मीराला हाक मारून शेजारी जागा दिली. ताईंनी शिट्टी माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "चला मॅडम, सुरू करा."

ताईंच्या अंगणात मी बाहेरून आले, चढाई करायला. परत जायचे राहूनच गेले. पाय अधू झाला हे खरे, आणि मला त्याचे दुःख झाले नाही असे मी कधीही म्हणणार नाही. आजही एखादी मुलगी चपळाईने पाय टाकून परतली की माझा उजवा पाय आपोआप पुढे सरकतो. पण त्या दुःखात मला एकटीला सोडून न जाणारे एक माणूस मिळाले. त्या माणसाला साठ वर्षे पूर्ण होत आहेत, याचा मला फार आनंद आहे.

कौसल्याताई, तुमची मोडून बसलेली बोटे थंडीत ठणकतात, ती या हिवाळ्यात कमी ठणकोत. मुलींना पोचवायला तुम्हाला अंधारातून जावे लागू नये, म्हणून संध्याकाळची गाडी रोज येवो. नाही आली, तर भाकऱ्या थापायला मी आहेच. तुमचे डोळे, तुमचा दम आणि तुमचे हसू खूप खूप वर्षे टिकोत. माझी साठी आता फार लांब नाही. माझ्यावर लेख लिहा असे मी तुम्हाला सांगणार नाही, लिहिण्याचा तुम्हाला केवढा कंटाळा आहे ते मला ठाऊक आहे. तुम्ही फक्त या, पहिल्या रांगेत बसा, आणि माझ्याविषयी कुणी जास्तच चांगले बोलू लागले की, नेहमीसारखा, हात वर करा.